पाण्यासाठी बांधून आलेला पैसा: गावाच्या आराखड्यात आपली वस्ती कुठे आहे?

उन्हाळा लागला की आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी ठरलेल्या. टँकरची मागणी आणि निवेदन. तहसील कार्यालयासमोर रिकामे हंडे घेऊन महिला बसतात, फोटो निघतो, चार दिवसांनी टँकर येतो आणि पहिला पाऊस पडला की विषय संपतो. आंदोलन करणे चूक नाही, ते करावेच लागते. पण ज्या गावातून हंडा मोर्चा निघतो, त्याच गावाच्या ग्रामपंचायतीच्या खात्यात कित्येकदा ‘हा पैसा फक्त पाण्यावर आणि सांडपाण्यावरच खर्च करायचा’ अशी अट घालून आलेली रक्कम पडून असते. आणि ती कशी खर्चायची हे ठरवणाऱ्या ग्रामसभेला आपल्या वस्तीतले चार जणही गेलेले नसतात. हा लेख त्या पैशाबद्दल आहे: तो कुठून येतो, कशावर खर्च करता येतो, आणि बुलढाणा जिल्ह्यासारख्या ठिकाणी त्याचा आराखडा करताना काय पाहायचे.

भारतीय संविधानाच्या कलम २८० नुसार दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमला जातो. केंद्राच्या तिजोरीतला किती पैसा राज्यांना द्यायचा हे तो सुचवतो, आणि ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतींसाठीही शिफारस करतो. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी झाली, हा बाबासाहेबांच्या अभ्यासाचा विषय होता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा कोलंबिया विद्यापीठातला प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपात आला. आपण जयंतीला त्यांच्या पदव्या मोजतो. त्या पदव्या ज्या विषयाच्या होत्या तो विषय आज गावच्या ग्रामपंचायतीच्या पासबुकात येऊन बसला आहे, हे फार कोणी सांगत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपये देण्याची शिफारस केली. या पैशाचे दोन भाग केले. ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाला आपल्या गरजेप्रमाणे वापरता येणारा. पगार आणि कार्यालयीन खर्च मात्र त्यातून करता येत नाही. उरलेला ६० टक्के बंधित. त्या बंधित निधीतला अर्धा, म्हणजे एकूण रकमेच्या ३० टक्के, पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. आणि दुसरा ३० टक्के स्वच्छतेसाठी. महाराष्ट्रात हा निधी ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असा वाटला गेला.

साधे उदाहरण घेऊ. एखाद्या ग्रामपंचायतीला वर्षाला दहा लाख मिळाले, तर त्यातले तीन लाख पाण्यासाठी, तीन लाख स्वच्छतेसाठी आणि चार लाख अबंधित. आता गावातल्या कोणालाही विचारा की मागच्या पाच वर्षांत ‘पावसाच्या पाण्याचे संकलन’ आणि ‘पाण्याचा पुनर्वापर’ या नावाखाली काय झाले. बहुतेक ठिकाणी उत्तर मोटार दुरुस्ती, पाइपलाइन दुरुस्ती, आणि एखादे आरओ मशीन असे मिळते. मोटार जळली तर ती दुरुस्त करावीच लागेल, त्यात गैर काही नाही. पण विहिरीतच पाणी उरले नाही तर मोटार काय ओढणार?

१ एप्रिल २०२६ पासूनची पाच वर्षे सोळाव्या वित्त आयोगाची आहेत. आयोग बदलला की टक्केवारी, हप्ते, अटी बदलतात, म्हणून जुना आकडा पाठ करून ग्रामसभेत वाद घालू नये. चालू वर्षाचा शासन निर्णय ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून मागून घ्यावा. न बदलणारी गोष्ट एकच: पैसा गावाच्या विकास आराखड्यात लिहिलेल्या कामावरच खर्च होतो. जे काम आराखड्यात नाही, त्यासाठी कितीही निवेदने दिली तरी तरतूद होत नाही. म्हणून खरी लढाई कामाची नाही, आराखड्याची आहे.

एकच जिल्हा, तीन प्रकारची जमीन

आराखडा करताना पहिली गफलत इथेच होते. शेजारच्या गावाने केले म्हणून आपणही तेच करायचे. बुलढाण्यात हे चालत नाही, कारण इथली जमीन एकसारखी नाही.

दक्षिणेकडचा घाटावरचा भाग, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, हा काळ्या कातळाचा, बसाल्टचा. या खडकात पाणी फक्त वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात आणि भेगांत साठते. त्याखालचा अखंड कातळ पाणी धरत नाही. म्हणून इथे साधी उघडी विहीर पावसाळ्यात तुडुंब आणि मार्चमध्ये कोरडी असे चित्र दिसते. साठवण कमी, पण भरतेही लवकर. अशा ठिकाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवणे, समतल चर, छोटे बांध, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला पुनर्भरण हे उपयोगी पडते. चारशे-पाचशे फूट बोअर मारून भेगांतले जुने पाणी ओढणे म्हणजे लेकरांच्या वाट्याचे आज पिऊन टाकणे.

उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूरचा वरचा पट्टा. इथे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे. यात पाणी भराभर मुरते. तापी खोऱ्याचा जो मोठा पुनर्भरण प्रकल्प गाजतो आहे, ज्यासाठी मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात करार झाला, त्याचा पाया हाच थर आहे.

आणि मधे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून नऊशेच्या आसपास गावे या पट्ट्यात येतात. आपल्याकडे शेगाव, नांदुरा, मलकापूर, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतली कितीतरी. इथे जमिनीत पाणी आहे, पण ते पिण्याजोगे नाही. हापशी मारली तर पाणी येते, तोंडात घेतले की थुंकावे लागते. क्षारांचे प्रमाण जास्त असलेले हे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने मूत्रपिंडाचे आजार होतात, अशी तक्रार या गावांतून दीर्घकाळ होत आली आहे. त्यासाठीच वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली. या पट्ट्यात चिकणमातीचा थर इतका खोल आहे की वरून सोडलेले पाणी सहज खाली जात नाही, आणि गेले तरी खाऱ्या पाण्यात मिसळते. इथे ‘जलपुनर्भरण’ या नावाने बोअरमध्ये पाणी सोडण्यापेक्षा पावसाचे पाणी वरच साठवणे, शेततळे, छतावरच्या पाण्याची टाकी, हेच जास्त शहाणपणाचे.

छताचा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा. आपल्या विहाराचे छत एक हजार चौरस फुटांचे असेल, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर, आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला, त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ५० हजार लिटरच्या वर पाणी त्या एका छतावरून मिळते. खारपाणपट्ट्यात हे गोडे पाणी आहे. विहाराच्या बांधकामासाठी वर्गणी काढताना रंग, फरशी, मूर्ती यांचा विचार होतो. पन्हळ आणि टाकीचा होत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला होता. पाण्याच्या नमुन्यांत नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. पुढे तपासाची दिशा गव्हातल्या सेलेनियमकडे वळली. पण केस गळण्याचे कारण काहीही असो, आपण पितो त्या पाण्यात नायट्रेट किती आहे हे कळायला त्या गावांना केस गळण्याची वाट पाहावी लागली. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तुमच्या वस्तीच्या हापशीचा शेवटचा अहवाल कधीचा आहे, हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने ग्रामपंचायतीत विचारला पाहिजे.

नालीतले पाणी कोणाच्या दारात जाते

आता पुनर्वापर. हा शब्द ऐकला की लोकांना मोठे प्रक्रिया केंद्र आठवते. गावासाठी त्याचा अर्थ फार साधा आहे: न्हाणीचे, धुण्याचे, भांड्यांचे पाणी. संडासाचे नव्हे.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले, तेव्हापासून माणशी रोज ५५ लिटर हे माप ठरले आहे. दीड हजार वस्तीच्या गावात हे माप खरोखर पोहोचले तर रोज ८२ हजार ५०० लिटर पाणी घराघरात येते. त्यातले दोन तृतीयांश जरी नालीत गेले तरी रोजचे ५५ हजार लिटर, वर्षाचे दोन कोटी लिटर. नळ आला, पण नाली नाही. ही गोष्ट आज अनेक गावांत दिसते. पाणी घरात आणण्याची घाई झाली, बाहेर काढण्याचा विचार मागून आला.

आणि बाहेर काढलेले पाणी कुठे जाते? उताराकडे. गावाचा उतार कुठे आहे हे गावाच्या इतिहासाला विचारा. महारवाडा, मांगवाडा गावाच्या कोणत्या बाजूला ठेवला जायचा, हे समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचायची आपल्याला गरज नाही. आज त्या जागेला भीमनगर म्हणा, पंचशील नगर म्हणा, जमिनीचा ढाळ बदललेला नाही. वरच्या आळीचे सांडपाणी खाली येऊन आपल्या वस्तीच्या तोंडाशी साचते. तिथे डबके, डबक्यात डास, आणि शेजारी आपली हापशी. चवदार तळ्याला १९२७ मध्ये हात लावला तेव्हा प्रश्न पाण्यावरच्या हक्काचा होता. आज पाण्याला हात लावू नका असे कोणी म्हणत नाही. वापरून टाकलेले पाणी मात्र आपल्याच दारात सोडले जाते. गावाचा पाणी आराखडा नकाशावर काढायला लागलो की हे लगेच दिसते, म्हणून नकाशा काढायचा आग्रह धरला पाहिजे.

यासाठी वेगळा पैसा आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात, जो २०२०-२१ पासून सुरू झाला, सांडपाणी व्यवस्थापनासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपये अशी मर्यादा ठरली. त्यातला ७० टक्के हिस्सा मिशनचा आणि ३० टक्के वित्त आयोगाच्या बंधित निधीतून ग्रामपंचायतीचा. आपल्या दीड हजार वस्तीच्या गावाचा हिशेब असा: १५०० गुणिले २८०, म्हणजे ४ लाख २० हजार. त्यात ग्रामपंचायतीचा वाटा १ लाख २६ हजार. ही रक्कम अफाट नाही. गावभर बंदिस्त गटार यात होत नाही. पण घरोघरी शोषखड्डे, जागा असेल तिथे परसबाग, आणि ढाळाच्या शेवटी एक नीट बांधलेला स्थिरीकरण तलाव किंवा सामुदायिक शोषखड्डा एवढे बसते. रोजगार हमीच्या कामाची जोड दिली तर मजुरीचा भार आणखी हलका होतो.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने हेच केले. घराघराला शोषखड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. उघड्या नाल्या गेल्या, डास गेले, आणि ‘मॅजिक पिट’ नावाने ते काम देशभर पाहिले गेले. आपल्याकडे त्याची नक्कल करताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काळ्या चिकणमातीत शोषखड्डा लवकर तुंबतो. मुरूम लागेपर्यंत खोदणे किंवा जागा बदलणे भाग आहे. खारपाणपट्ट्यात तर कित्येक ठिकाणी तो चालणारच नाही, तिथे झाडांना पाणी देणे आणि तलाव हाच मार्ग. दुसरे म्हणजे सांडपाणी कधीही थेट विहिरीत, बोअरमध्ये किंवा पुनर्भरणाच्या नळीत सोडू नये. छतावरचे पाणी गाळून बोअरमध्ये सोडता येते, न्हाणीचे नाही. उत्साही तरुण मंडळे इथे घात करतात, आणि मग तेच नायट्रेट, तेच जंतू पिण्याच्या पाण्यात येतात.

आराखडा तयार आहे, कपाटात आहे

गमतीची गोष्ट म्हणजे अनेक गावांत पाण्याचा आराखडा आधीच झालेला आहे. केंद्र सरकारने २५ डिसेंबर २०१९ ला अटल भूजल योजना सुरू केली. सहा हजार कोटींची, त्यातले निम्मे जागतिक बँकेचे कर्ज. सात राज्ये निवडली, त्यात महाराष्ट्र; आणि महाराष्ट्रातल्या तेरा जिल्ह्यांत बुलढाणा. राज्यात ती राबवण्याचे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे होते. या योजनेचे वैशिष्ट्य असे की पैसा बांधकामासाठी नव्हता, तो नियोजनासाठी आणि वागणूक बदलण्यासाठी होता. गावाने पाण्याची माहिती जाहीर केली, लोकांनी बसून जलसुरक्षा आराखडा केला, इतर योजनांचा पैसा त्या आराखड्याकडे वळवला, पाणी कमी लागणाऱ्या पद्धती वापरल्या, आणि भूजल खाली जाण्याचा वेग कमी झाला, तर राज्याला प्रोत्साहन रक्कम. सर्वात मोठा वाटा पाणी बेताने वापरण्याला होता. मला ही कल्पना अजूनही योग्य वाटते. खोदकामाला पैसा देणाऱ्या योजना पुष्कळ आहेत. विचार करायला पैसा देणारी ही विरळाच.

त्याआधी २०१८ पासून जागतिक बँकेच्याच मदतीने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. त्यातही बुलढाणा होता, खारपाणपट्ट्यातल्या गावांसह. आयआयटी मुंबईच्या मदतीने त्यात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार झाली: पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती, पिकांनी किती घेतला, उरला किती. हा ताळेबंद घराच्या जमाखर्चासारखाच आहे, आठवी शिकलेल्या मुलीलाही समजतो.

मग अडले कुठे? आराखडे झाले, फलक रंगले, प्रशिक्षणाच्या चहापाण्याची बिले निघाली, आणि पुस्तिका कपाटात गेली. वित्त आयोगाच्या निधीतून जो विकास आराखडा दरवर्षी भरला जातो तो वेगळ्याच कागदावर झाला. दोन्ही कागद एकमेकांना भेटलेच नाहीत. माझ्या कामाच्या पट्ट्यातल्या एका गावात जलसुरक्षा आराखड्यात वरच्या नाल्यावर तीन बांध सुचवले होते आणि त्याच वर्षीच्या विकास आराखड्यात पाण्याच्या बंधित निधीतून खालच्या टोकाला नवे बोअर घेतले गेले. वर अडवायचे सोडून खाली ओढायचे. कोणी चोरी केली नाही, फक्त कोणी दोन्ही कागद एकत्र ठेवून वाचले नाहीत.

आपल्या जिल्ह्याला खोदकामाचा अनुभव कमी नाही. महामार्गासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले आणि नद्यांच्या पात्रांतून काढायचा आणि त्या बदल्यात खोलीकरण फुकटात, हा ‘बुलढाणा पॅटर्न’ नीती आयोगापर्यंत पोहोचला. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने ‘सुजलाम सुफलाम बुलढाणा’त जिल्हाभर जेसीबी लावून गाळ काढला. तलावातला गाळ निघाला तर साठवण वाढते, हे खरेच आहे. पण नाला खोल करणे म्हणजे पुनर्भरण नव्हे. झिजलेला थर फोडून कातळापर्यंत नाला खणला तर शेजारच्या विहिरींचे पाणी उलट नाल्यात झिरपून वाहून जाऊ शकते. जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल वाढवण्यात त्याचा परिणाम अल्प असल्याचा शेरा महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये मारला. ज्या सहा जिल्ह्यांत तपासणी झाली त्यांत बुलढाणाही होता. माझे मत असे की यंत्राच्या तासांचा हिशेब सोपा असतो आणि मुरलेल्या पाण्याचा अवघड, म्हणून शासनाला आणि पुढाऱ्यांनाही यंत्र आवडते.

गाळाबद्दल आणखी एक. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत गाळ शेतात टाकायला अल्पभूधारकांना अनुदान मिळते. चांगलेच आहे. पण ज्याला शेतच नाही त्याला गाळाचे काय? भूजल वाढले की फायदा ज्याची विहीर त्याला. भूमिहीनाला पाणी वाढल्याचा लाभ दोनच मार्गांनी मिळतो: सार्वजनिक विहीर बारमाही राहिली तर, आणि शिवारात मजुरी वाढली तर. म्हणून आराखड्यात पुनर्भरणाची जागा निवडताना पहिले काम सार्वजनिक पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला असावे, हा आग्रह भूमिहीनांनी धरायचा असतो. तो दुसरे कोणी धरणार नाही. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा, तो २०१४ पासून लागू झाला. त्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताला संरक्षण आहे. त्याच्या ५०० मीटरच्या आत मनाला येईल तशी नवी विहीर खोदता येत नाही. हे कलम वस्तीतल्या किती जणांना माहीत आहे?

आपल्या नावावरचे पैसे

ज्यांच्याकडे थोडी जमीन आहे त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी. नव्या विहिरीचे अनुदान अडीच लाख होते, २०२४ मध्ये ते चार लाख झाले. पण नव्या विहिरीसाठी भूजल यंत्रणेचा पाणी उपलब्धतेचा दाखला लागतो. ज्या पाणलोटात उपसा शंभर टक्क्यांच्या वर गेला तो ‘अतिशोषित’ ठरतो आणि तिथे नवी विहीर अडते. आता याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्यांनी चाळीस वर्षे बागायत केली त्यांनी पाणी उपसले, आणि आपल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा जमीन आणि अनुदान आले तेव्हा दाखला मिळेना. पुनर्भरणाचा प्रश्न आपल्याला थेट लागतो तो इथे.

वस्तीसाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास करण्याची योजना आहे, जिला लोक अजून दलित वस्ती सुधार म्हणतात. निधी वस्तीच्या लोकसंख्येवर ठरतो. पाणी, गटार, रस्ता, समाजमंदिर, दिवे, सगळे त्यात बसते. प्रत्यक्षात होतो तो सिमेंट रस्ता. जुन्यावर नवा, त्यावर आणखी नवा, आणि रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर गेला की पावसाळ्यात पाणी घरात. सिमेंटखाली पाणी मुरतही नाही. रस्ता नको असे नाही. पण रस्त्याच्या अंदाजपत्रकात नाली आणि नालीच्या शेवटी शोषखड्डा नसेल तर ते काम अर्धवट आहे, असे ठरावात लिहून घ्यावे.

राज्याच्या सूचनांनुसार गावाच्या विकास आराखड्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात तरतूद करायची असते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती १८ टक्क्यांच्या आसपास आणि बौद्ध सुमारे १४ टक्के होते. १९९० च्या दुरुस्तीपासून धर्म बौद्ध लिहूनही अनुसूचित जातीत नोंद होते. जनगणनेत धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहून जातीचा रकाना मोकळा सोडावा की नाही, यावर आपल्यात जोरात वाद आहे आणि तो व्हावा. फक्त वाद घालताना हे ठाऊक असावे की असा निधी त्या रकान्यातल्या आकड्यावर ठरतो.

आता कामाचे. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचे नाव टाकले की त्या वर्षाचा मंजूर आराखडा, आलेला पैसा आणि झालेला खर्च दिसतो. माहितीचा अर्ज करायचीही गरज नाही. दोन-तीन तरुणांनी एका संध्याकाळी बसून मागच्या पाच वर्षांचा बंधित निधीचा खर्च वहीत उतरवून काढावा. किती मोटारींवर, किती पाइपांवर, किती पुनर्भरणावर, आणि त्यातले आपल्या वस्तीत किती. भूजल यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे असे वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. आपल्या पाणलोटातल्या जवळच्या विहिरीचे आकडे बुलढाण्याच्या जिल्हा कार्यालयातून मागता येतात. जलसुरक्षा आराखडा किंवा ताळेबंद झाला असेल तर त्याची प्रत ग्रामपंचायतीतून घ्यावी.

मग एका रविवारी, वंदनेनंतर, वस्तीतल्या बायांना सोबत घेऊन शिवारफेरी करावी. पाणी भरणाऱ्या बाईला कोणती हापशी कोणत्या महिन्यात आटते हे अभियंत्यापेक्षा जास्त माहीत असते. वरच्या आळीचे पाणी कुठून शिरते, विहाराचे पन्हळ कुठे सोडता येईल, सार्वजनिक विहिरीच्या वर नाला किती अंतरावर आहे, हे साध्या कागदावर काढावे. पाणी व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या वस्तीतली कोण आहे, आणि तिला बैठकीचा निरोप मिळतो की फक्त सहीसाठी वही घरी येते, हेही विचारावे.

पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्याआधी महिला सभा होते. दोन्ही ठिकाणी मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मागणी ‘आमच्या वस्तीत पाण्याची सोय करा’ अशी मोघम नको. ‘अमुक गट नंबरजवळच्या सार्वजनिक विहिरीच्या वरच्या अंगाला पुनर्भरणाचे काम, पाण्याच्या बंधित निधीतून’ आणि ‘अमुक घरापासून अमुक घरापर्यंत नाली व तिच्या शेवटी सामुदायिक शोषखड्डा, स्वच्छतेच्या बंधित निधीतून’ अशी, कामागणिक एक ओळ. केंद्राने गावांसाठी जे नऊ संकल्प दिले आहेत त्यात ‘जलसमृद्ध गाव’ हा एक आहे. आपले काम त्याखाली नोंदवायला सांगावे. ग्रामसभा संपली की इतिवृत्तात ती ओळ उतरली का ते तिथेच वाचून घ्यावे, आणि आठ दिवसांनी ठरावाची नक्कल काढावी. आराखडा संकेतस्थळावर चढला की त्यात ते काम, ती रक्कम आणि आपल्या वस्तीचे नाव आहे का, हे पुन्हा पाहावे. नसेल तर पुढच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न तोच, नक्कल हातात धरून.